बेहेरे मास्तर आणि आमचा ‘ऱ्हायना’

बेहेरे मास्तरांना राग आला की ते तो जाहीर करत. तुम्हाआम्हाला राग आला तर आपण ओरडतो, नाहीतर तोंड फिरवून बसतो. मास्तर जागच्या जागी उभे राहत, डोळे अर्धवट मिटत आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात सांगत, “सध्या मला राग येत आहे.” मग जरा थांबून, “आता तो छातीत आहे.” आणखी जरा थांबून, “आता ओसरतो आहे.” शहाद्याच्या बाजारात एका केळीवाल्याने त्यांना खालून काळी पडलेली केळी दिली होती. त्याने हा सगळा प्रवास हात जोडून ऐकून घेतला आणि राग ओसरला असं कळल्यावर तीच केळी पुन्हा त्यांच्या पिशवीत टाकली. मास्तर ती घेऊन आनंदाने घरी आले. राग जिंकल्याचं सुख केळ्यांपेक्षा मोठं असतं, असं मला वाटेत समजावत होते. पिशवी माझ्याकडे होती, म्हणून वास मलाच येत होता.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची चार-पाच वर्षं असतील ती. मी शहाद्याच्या इंग्रजी शाळेत गणित शिकवायचो. मूळचा ब्राह्मणपुरीचा, शेतकऱ्याच्या घरातला. घरी अहिराणी आणि शाळेत पुस्तकातली मराठी, असा दोन जिभांचा माणूस. मास्तर आले थेट पुण्याहून. तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालेले. सामानात मानसशास्त्राचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ, दोन उपनिषदं, तीन धोतरं आणि नऊ वर्षांची एक मुलगी.

शाळेच्या शिपायाने नवे मास्तर येणार म्हणून गावभर सांगितलं खरं, पण त्याच्या तोंडात बेहेरेचं बहिरे झालं. झालं, पंधरा दिवस अख्खा गाव त्यांच्या कानाजवळ येऊन ओरडत होता. वाणी ओरडत होता, धोबी ओरडत होता, तांगेवाला उस्मानचाचा तर हातवारेही करत होता. मास्तरांनी यावरून लगेच सिद्धांत काढला. खानदेशातली माणसं मोकळ्या आवाजाची, म्हणून मोकळ्या मनाची. मी म्हटलं, असेल बुवा.

त्यांना विद्या होती, पण ती कपाटात ठेवायची नाही असा त्यांचा पण होता. पुस्तकातलं मानसशास्त्र स्वयंपाकघरात चाललं पाहिजे आणि उपनिषद बाजारात, असं ते म्हणत. “नाव घ्या, निम्मं होतं,” हे त्यांचं पेटंट वाक्य. म्हणजे दुःख झालं तर ‘दुःख’ म्हणा, भीती वाटली तर ‘भीती’ म्हणा. नाव घेतलं की ती भावना निम्मी होते. आमचे हेडमास्तर एकदा शाळा तपासणीच्या आदल्या दिवशी व्हरांड्यात येरझारा घालताना ‘भीती, भीती’ असं पुटपुटत होते ते मी स्वतः ऐकलं आहे. निम्मी झाली की नाही ते विचारायचा धीर झाला नाही.

दुसरं वाक्य मात्र जास्त महत्त्वाचं, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला. ते म्हणत, “विचारलं की मन पदर घेतं.” माणसाला त्याच्या मनातलं कधी सरळ विचारू नये. विचारलंत की तो तुम्हाला बरं वाटेल असं काहीतरी सांगतो. मन बेसावध असताना जे बोलतं ते खरं. ते फक्त ऐकावं.

आता त्यांच्या मुलीचं सांगतो. कमू तिचं नाव. आई विषमज्वराने गेली होती त्याला वर्षही झालं नव्हतं. पुण्याला तिचे मामा होते, वकील, घरात चार मुलं, आजी, सगळं भरलेलं. त्यांचं म्हणणं, पोर आमच्याकडे ठेव. तू एकटा माणूस, परक्या मुलखात निघालास, ती तिथे कशी रमेल. मास्तर म्हणाले, मला मनाचं शास्त्र येतं, मी तिला रमवीन. शेवटी तोड निघाली. मामांनी एक वर्षाची मुदत दिली. पुढच्या दिवाळीत ते शहाद्याला येणार. तोवर मुलीचं मन लागलं असेल तर ती बापाजवळ राहील, नाहीतर पुण्याला. “आणि लागलं की नाही ते तूच सांगायचंस,” मामा म्हणाले होते, “तू खोटं बोलत नाहीस, एवढं मला माहीत आहे.”

मास्तरांनी मला हे सांगितलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला तो हट्ट जरा अतीच वाटला. पण ते रोज सकाळी तिची वेणी घालायचे, आणि वेणी घालताना त्यांचा चेहरा मी आमच्या ओट्यावरून बघायचो. ती गेली असती तर त्या घरात काय उरलं असतं? एक जाड पुस्तक आणि दोन उपनिषदं.

आमची घरं भिंतीला भिंत लावून. माझी बायको सखू हिने पहिल्याच आठवड्यात कमूला उचलून घरात आणलं. तिकडे मास्तरांचे प्रयोग सुरू होते. नवी गोष्ट मनाला हळूहळू लावावी, एकदम लादू नये, असा नियम. म्हणून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी त्यांनी कमूला चढत्या प्रमाणात द्यायची ठरवली. पहिला महिना चतकोर. दुसरा महिना अर्धी. संध्याकाळी ते मला मोठ्या समाधानाने सांगत, “पाटील, आज अर्धी खाल्ली, तोंड वाकडं न करता.” कसं करणार तोंड वाकडं? दुपारीच ती आमच्याकडे वांग्याच्या भरताबरोबर दोन भाकरी चेपून गेलेली असायची. सखूने मला डोळ्यांनी दटावलं होतं, म्हणून मी गप्प. कमूही बापाची शहाणी लेक. घरी गेली की अर्ध्या भाकरीवर अगदी मन लावून बसायची.

गावातही त्यांची ख्याती झाली. मन ओळखणारा मास्तर म्हणून. उस्मानचाचाचा घोडा गोमाई नदीच्या वाटेवरच्या मोरीजवळ, म्हणजे छोट्या पुलाजवळ, आला की बिथरायचा, एक पाऊल पुढे टाकायचा नाही. चाबूक खायचा, पण हलायचा नाही. चाचा वैतागून मास्तरांकडे आला. मास्तरांनी दोन दिवस घोड्याचं निरीक्षण केलं. घोड्याच्या मनात मोरी आणि चाबूक यांचं लग्न लागलं आहे, म्हणाले, ते आपण मोडायचं आणि दुसरं लावून द्यायचं. चाबूक बंद. मोरी आली की गुळाचा खडा. आठ दिवस मास्तर स्वतः तांग्यापुढे गूळ घेऊन चालले. आणि काय सांगू, घोडा मोरी ओलांडायला लागला. साऱ्या गावाने तोंडात बोटं घातली. पुढे महिन्याभराने चाचा मला बाजारात भेटला. मी विचारलं, घोडा कसा आहे? तो कपाळाला हात लावून म्हणाला, “पाटीलसाब, पहले मोरी पे डरता था, अब वसूली करता है.” गूळ दिल्याशिवाय घोडा मोरीवरून हलत नव्हता. मास्तरांना हे कळलं तेव्हा ते जरा विचारात पडले आणि म्हणाले की प्रयोग यशस्वी झाला, फक्त जरा जास्त झाला.

आता ‘ऱ्हायना’. आमच्या अहिराणीत ‘करी ऱ्हायना’ म्हणजे ‘करतो आहे’. ‘जेवी ऱ्हायना’ म्हणजे जेवतो आहे, ‘जाई ऱ्हायना’ म्हणजे जातो आहे. इथल्या शेंबड्या पोरालाही ते कळतं. पण पुण्याच्या कानाला शेवटचा तो ‘ना’ तेवढा ऐकू येतो. करीना, जाईना, राहिना. म्हणजे नकार. वर्गात मुलं मास्तरांशी पुस्तकी मराठीच बोलायची, त्यामुळे हा घोळ वर्गात कधी उघडा पडला नाही. बाहेर मात्र रोज होत होता.

आमच्याच गावचा सुकदेव पाटील एकदा शाळेत आला. पोराने पुस्तकाला हात लावला म्हणून बाप हरखलेला. छाती फुगवून म्हणाला, “मास्तर, मन्हा पोऱ्या आते रोज अभ्यास करी ऱ्हायना.” मास्तरांनी त्याला जवळ बसवलं, पाठीवर हात ठेवला आणि असं होतं, खचून जाऊ नका, म्हणून अर्धा तास धीर दिला. सुकदेव बाहेर आला तो माझ्याकडेच. पोराला काही रोग तर नाही ना, असं विचारत होता. दुसऱ्या एकाने म्हैस दूध ‘दी ऱ्हायनी’ म्हणून चार जणांत कौतुकाने सांगितलं, तर मास्तरांनी त्याला म्हशीजवळ रोज ठरावीक वेळी शांत आवाजात बोलायचा उपाय दिला. तो बिचारा बोलायला लागला. म्हैस आधीही दूध देत होती, नंतरही देत राहिली, आणि श्रेय मास्तरांना गेलं.

तुम्ही म्हणाल, डोळ्यांसमोर माणूस जेवत असताना ‘जेवी ऱ्हायना’ म्हणतो, तेव्हा तरी कळायला हवं होतं. तिथेच तर त्यांचं तत्त्वज्ञान आडवं आलं. गणपतीत त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं. विषय त्यांनीच दिला होता, ‘खानदेशी मनातला साक्षीभाव’. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले की या भागातला साधा शेतकरी जेवता जेवता म्हणतो, मी जेवत नाही. चालता चालता म्हणतो, मी जात नाही. म्हणजे हात जेवतो आहे, पाय चालतो आहे, आणि आतला आत्मा म्हणतो आहे, यातलं मी काहीच करत नाही. ऋषींनी ज्याच्यासाठी तप केलं ते तुमच्या बोलीत रोज बाजारात ऐकू येतं. थोडक्यात, डोळ्यांना दिसलं तर वेदान्त, नाही दिसलं तर तक्रार.

मंडप हसून हसून लोळायचा बाकी होता. लोकांना वाटलं मास्तर नकला फार छान करतात. हेडमास्तर उपरण्यात तोंड घालून बसले होते. मी पुढच्याच रांगेत होतो आणि सगळ्यांत जोरात टाळ्या मीच वाजवल्या. घरी परत येताना मास्तर मला म्हणाले, “पाटील, तुम्ही इथले. माझं काही चुकत तर नाही ना?” मी म्हटलं, “छे हो मास्तर, आमची भाषा आम्हाला आज कळली.” शाळेत आम्ही चार मास्तर मधल्या सुट्टीत रोज एक नवं वाक्य आणायचो, त्यांचा अर्थ ऐकायला. आजही ते आठवलं की मला हसू येतं आणि पाठोपाठ स्वतःचीच लाज वाटते. लाज का, ते आता येतंच आहे.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती. कमू एव्हाना आमच्या गल्लीतली झाली होती. घरी ती पुण्याची मराठी बोलायची, ‘बाबा, मला पाणी हवंय’, आणि भिंत ओलांडली की अशी अहिराणी की आमची थोरली बहीणही ऐकत राहायची. एका संध्याकाळी सखू मला फार खुशीत दिसली. दुपारी मागच्या दारी दोघी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. सखूने पोरीला विचारलं की आते तरी आठे करमस का तुले, आता तरी इथे करमतं का तुला? आणि कमू म्हणाली, “मावशी, मन्हा जीव आते आठे लागी ऱ्हायना.” सखूच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, आता मामा येवोत नाहीतर मामाचा बाप, पोर कुठे जात नाही.

मलाही बरं वाटलं. मास्तरांना आपणहून सांगावं असं एकदा मनात आलं होतं, पण त्यांना त्यांच्या पद्धतीने कळू दे म्हटलं.

दोन दिवसांनी मास्तर शाळेतून परत येताना शांतपणे म्हणाले, “मी पुण्याला पत्र टाकलं. कमूला पाठवतो आहे.” मी वाटेत थांबलोच. ते पुढे बोलत राहिले. आसक्ती म्हणजे काय, आपलं सुख आणि मुलीचं सुख यांत बापाने कोणतं निवडावं, रोपाला जमीन मानवली नाही तर ती बदलावी. नेहमीसारखंच व्याख्यान होतं, पण आवाज नेहमीचा नव्हता. मी म्हटलं, मास्तर, वाईट वाटतंय का तुम्हाला? ते म्हणाले, “उद्या सहामाहीचा पेपर काढायचा आहे.”

सखूने घर डोक्यावर घेतलं. “ती पोर जाई ऱ्हायनी, आनि तुम्ही चूप बठेल शेतस?” पोर चालली आणि तुम्ही गप्प बसलात, असं तिने मला तीन दिवस रोज विचारलं. मी म्हणायचो, बापलेकीतलं आहे, आपण कोण? तिने कमूलाही खोदून विचारलं. पोर एवढंच बोलली की बाबांना मी जड झाले असेन, त्यांना वाचायला वेळ मिळत नाही. रडलीसुद्धा नाही. बापाने शिकवलं होतं ना, भावना आली की लांबून बघायची.

मामा आले. दोंडाईच्याहून नदीपर्यंत एक मोटार, मग नाव, मग दुसरी मोटार, असं करत धुळीने पांढरे होऊन आले. माणूस चांगला. भाऊबीज आमच्याच गल्लीत झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या सर्व्हिस मोटारीने मामा-भाची निघायचे ठरले.

त्या सकाळी मी कमूच्या ट्रंकेला दोरी बांधायला मास्तरांच्या घरात गेलो. मामा अंगणात चहा पीत होते. मास्तर ट्रंकेशेजारी उभे होते आणि कमूचा एक जुना परकर हातात घेऊन घडी घालत होते. घालत, मोडत, परत घालत. मला राहवलं नाही. म्हटलं, “मास्तर, एक विचारू? कशासाठी पाठवताय पोरीला?”

“तिचं मन इथे लागलं नाही.”

“कोण म्हणतं?”

“तीच. मी वहिनींकडे विरजण मागायला आलो होतो. दोघी मागच्या दारी होत्या. वहिनींनी विचारलं आणि ती अगदी बेसावधपणे म्हणाली, माझा जीव इथे लागी राहिना.” ते परकराकडेच बघत होते. “बेसावध मन खोटं बोलत नाही, पाटील. मला मेव्हण्याला खरं तेच कळवणं भाग होतं.”

दोरी माझ्या हातातून सुटली. मी म्हटलं, “मास्तर, ‘ऱ्हायना’ म्हणजे नाही नव्हे. ऱ्हायना म्हणजे आहे. तिचा जीव इथे लागतो आहे, असं म्हणाली ती.”

मास्तर ट्रंकेवर बसले. मग हळूच म्हणाले, “म्हणजे जेवी ऱ्हायना?”

“जेवतो आहे.”

“सुकदेव पाटलाचा मुलगा?”

“अभ्यास करत होता.”

“आणि म्हैस?”

“दूध देत होती, मास्तर.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. “आणि गणपतीत, मी तुम्हाला विचारलं होतं, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं.”

“होतं,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मी वाट बघत होतो की आता ते डोळे मिटतील आणि राग येत असल्याचं सांगतील. सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते उठले आणि परकर हातात तसाच घेऊन अंगणात गेले.

अंगणात कमू दोन वेण्या घालून, नवा परकर नेसून उभी होती. सखू तिच्या हातात लाडवांचा डबा देत होती आणि स्वतःच पुन्हा काढून घेत होती. मास्तर मुलीसमोर जाऊन उभे राहिले. वर्षभरात त्यांनी तिला असा प्रश्न कधी विचारला नव्हता, त्यामुळे त्यांना तो नीट विचारताही येईना. दोनदा घसा साफ केला.

“कमू, तुला इथे राहायचं आहे, की पुण्याला जायचं आहे?”

तिने मामांकडे बघितलं, सखूकडे बघितलं आणि मग बापाकडे. “तुम्ही विचारलंच नाहीत, बाबा,” ती म्हणाली.

“आता विचारतो आहे.”

“इथे,” ती म्हणाली, आणि मग लांबून बघणं वगैरे सगळं राहिलं बाजूला, भोकाड पसरून रडायला लागली. मास्तर खाली बसले आणि तिच्या परकरात तोंड घालून तेही रडले. कोणत्या भावनेचं नाव त्यांनी घेतलं नाही. मामांनी कप खाली ठेवला, उपरण्याने डोळे पुसले आणि मी मग एकटाच दुपारच्या मोटारीने जातो, म्हणाले. गल्लीत भरताचं फार ऐकलं होतं, तेवढं खाऊनच जावं म्हणतो. लाडवांचा डबा सखूने त्यांच्यासाठी बांधला.

माझ्याशी मास्तर सोळा दिवस बोलले नाहीत. शाळेत समोरासमोर आलो की ते नकाशा बघत. मी सखूकरवी माफी मागून पाहिली, ती म्हणाली, तुम्हीच जा. गेलो. ओट्याखाली उभा राहून म्हटलं, मास्तर, माझं चुकलं. गंमत करता करता मी तुमच्या पोरीचं नुकसान करून बसलो असतो. ते मग म्हणाले, “राग अजून आहे. पण बसा.” मी बसलो. तसे आम्ही पुढे दहा-बारा वर्षं त्या ओट्यावर बसत राहिलो.

पुढच्या गणपतीत त्यांनी पुन्हा व्याख्यान मागून घेतलं. मंडप खच्चून भरला, लोक हसायच्या तयारीनेच आले होते. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, “गेल्या वर्षी मी जे बोललो ते सगळं उलट करून घ्यावं. तुम्ही जेवता तेव्हा जेवताच. मला कळलं नव्हतं आणि मी विचारलं नाही.” एवढं बोलून खाली बसले. कोणी हसलं नाही. सुकदेव पाटील उठून त्यांच्या पायाच पडला. पोराला रोग नाही हे त्याला बहुतेक तेव्हाच पक्कं कळलं.

सवय मात्र माणसाची सुटते कुठे! न विचारणारा माणूस आता ज्याला त्याला विचारायला लागला. शिंप्याला विचारत, कापड बेतताना तुम्हाला कसं वाटतं? वर्गात प्रत्येक मुलाला विचारत, तुला हा धडा आवडला का? एकतीस मुलं ‘नाही’ म्हणाली, तेव्हा मास्तरांनी धडा बदलला आणि हेडमास्तरांची बोलणी खाल्ली. उस्मानचाचा शपथेवर सांगायचा की मोरीजवळ त्यांनी घोड्यालाही विचारलं होतं.

कमू शहाद्यातच मोठी झाली, फायनलची परीक्षा पास झाली. लढाईच्या दिवसांत तिचं लग्न झालं. नवरा रेल्वेत, नवापूरच्या स्टेशनवर. मुलगा बघायला आला तेव्हा मास्तरांनी मुलीला तीन वेळा विचारलं. शेवटी ती वैतागून म्हणाली, बाबा, हो म्हटलं ना एकदा. ती गेल्यावर मास्तर एकटेच राहिले आणि वर्षा-दोन वर्षांत निवृत्तही झाले. दम लागायला लागला होता. ट्रंक एकट्याने उचलवत नव्हती.

पुण्याहून धाकट्या भावाचं पत्र आलं, आता इकडे या, खोली रिकामी आहे. मास्तरांनी सामान बांधायला घेतलं. ते कळताच कमू नवापूरहून आली, तान्हं पोर कडेवर घेऊन. मी आणि सखू तिथेच होतो. मास्तरांनी तिला समोर बसवलं आणि समजावायला सुरुवात केली. चार आश्रम असतात. तिसऱ्यात माणसाने हळूहळू हात सोडवून घ्यायचा असतो. शिवाय लेकीच्या घरी बापाने पाणीही पिऊ नये अशी रीत आहे. ती रीत आपण मानत नाही, पण लोक मानतात आणि तुझ्या सासरच्यांना ते जड जाईल. पुण्याला हवा चांगली आहे. ग्रंथालय आहे. कमू धोतरांच्या घड्या घालत सगळं ऐकत होती. आश्रम संपले, हवा संपली, ग्रंथालय संपलं. मास्तर थांबले तेव्हा तिने शेवटचं धोतर पिशवीत ठेवलं.

“हे झालं, बाबा. आता सांगा, तुम्हाला कुठे राहायचं आहे?”

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, पण मी आढ्याकडे बघत होतो. मग ते आपल्या हातांकडे बघत राहिले. इतका वेळ गेला की तान्हं पोर कुरकुरायला लागलं.

“तुझ्याकडे,” ते म्हणाले.

“मग तसं म्हणा की,” कमू म्हणाली. पोर तिने बापाच्या मांडीवर ठेवलं आणि पुण्याचं पत्र माझ्या हातात दिलं. म्हणाली, काका, याला उत्तर तुम्हीच लिहा, बाबा लिहायला बसले तर सगळे आश्रम पुन्हा येतील.

दुपारच्या मोटारीने ते गेले. मास्तर खिडकीशी बसले होते, नातू मांडीवर, आणि त्याला गाडी हलली की काय काय वाटतं ते आधीच सांगत होते. त्या गडबडीत मला हात करायचं विसरले. मला वाईट वाटलं. त्यानंतर त्यांची माझी भेट झाली नाही.

घरी येऊन मी पुण्याला उत्तर लिहिलं. दोनच ओळी लिहिल्या. बेहेरे मास्तर यापुढे मुलीकडे राहतील. आम्ही त्यांना विचारलं आहे.